रात्र कुठे तोडायची

डिस्क काढण्याआधी नेयो टेबलावर दोन टिचक्या मारतो. कॉम्प्युटरने ‘आता काढा’ म्हटल्याशिवाय वायरीला हात लावत नाही, आणि म्हटल्यावरही मनातल्या मनात दहा आकडे मोजतो. गिऱ्हाइकाची डिस्क लहान मुलाच्या मोज्यात घालून ठेवतो. मोजे त्याच्या नातींचे. नाती माद्रिदला गेल्या, पाय मोठे झाले, मोजे इथेच राहिले. डिस्क भरत असताना कॉफी पीत नाही. ‘कॉपी होतेय’ असं कधी म्हणत नाही, ‘ऊस गव्हाणीत पडलाय’ म्हणतो. लाइट गेली की अख्खं कामाहुआनी गाव एका सुरात ‘आऽऽ’ करतं, तेव्हा नेयो ओरडत नाही. घड्याळ बघतो आणि पेन्सिलीचा तुकडा कानावरून काढतो.

आणि दारात कोणीही आलं, की त्याने ‘शेवटचा कोण?’ विचारून ओसरीवरच्या रांगेत आपली जागा धरेपर्यंत थांबतो, मग स्वतःचा विचारतो, “घरी कुठला डबा आहे?”

डबा म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा, डिस्क लावून सिनेमे बघायचा तो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत नेयो डिस्क हातात घेत नाही. रेशनच्या वहीत त्याचं नाव रेइनेरियो पेद्राहा असं आहे, पण त्या नावाने त्याला फक्त सरकार ओळखतं.

साखर कारखाना चालू होता तेव्हा नेयो बॉयलरवर होता. दाबाचे काटे बघायचे, फुगलेलं ते उतरवायचं, उतरलेलं ते चढवायचं. कारखाना बंद पडला, चिमणी तेवढी उभी राहिली. नेयो ओसरीवर येऊन बसला आणि आठवड्याचं पुडकं वाटू लागला. मालिका, सिनेमे, कोरियन प्रेमकथा, मांजरांचे व्हिडिओ, सगळं मिळून एक पुडकं. हवानाहून दर सोमवारी येतं, गावभर डिस्कवरून पसरतं. असे पुडकंवाले गावात सहा आहेत. पण डिस्क बिघडली, रुसली, रिकामी दिसायला लागली, तर लोक नेयोकडेच येतात.

कारण डिस्कमध्ये माल कुठला भरायचा यापेक्षा डिस्क आतून कशी मांडायची, हे त्याला जास्त महत्त्वाचं वाटतं. या मांडणीचे तीन प्रकार, आणि तिन्ही त्याने कारखान्याच्या भाषेत बसवलेत.

पहिलं पोतं. फॅट थर्टीटू. पोतं कोणीही उचलतं, जुन्यातला जुना डबासुद्धा. शिवाय पोत्यावर आत काय आहे त्याच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक फाटली तर दुसरी वाचता येते. पण एका पोत्यात चार जीबीच्या वरची एक वस्तू मावत नाही. कितीही दाबा.

दुसरं गोदाम. एनटीएफएस. दारात कारकून बसलेला असतो. माल हलवण्याआधी वहीत लिहितो, मग हलवतो. मध्येच लाइट गेली तर वही बघून पुढचं काम सुरू. पण गोदामात सगळ्यांना प्रवेश नाही. जुने डबे दारातूनच परत जातात, आणि सफरचंदवाल्या कॉम्प्युटरला आत जाऊन बघता येतं, ठेवता काही येत नाही.

तिसरी उघडी गाडी. एक्सफॅट. तिच्यावर कितीही लांब ऊस टाका, आणि नवं यंत्र कुठलंही असो, ती ओढतं. मात्र कारकून नाही, चिठ्ठी एकच. रस्त्यात गाडी हिसकली की ऊस सगळा रस्त्यावर.

पोत्याला लाल पट्टी, गोदामाला निळी, गाडीला हिरवी. कामाहुआनीत दिवसातून दोनदा लाइट जाते, त्यामुळे नेयोच्या ओसरीवर निळ्या पट्ट्या जास्त. “कारकुनाला दुपारचं जेवण घालावं लागत नाही,” तो म्हणतो, “असा कारकून कारखान्यात एक नव्हता.”

नेयोची बायको मिग्दालिया बोकड आहे, आणि तो स्वतः बेडूक. यात अपमान कसलाच नाही. गावाचे दोन मोहल्ले, एक बोकडांचा, एक बेडकांचा. दरवर्षी मार्चमध्ये एका रात्री दोघे समोरासमोर येतात. चित्ररथ, ढोल, दारूकाम. कोण जिंकलं हे कोणी जाहीर करत नाही, कारण दोन्ही मोहल्ले पहाटे आपण जिंकलो म्हणून नाचतात आणि दुसऱ्याची तिरडी काढतात. बोकडाने बेडकीण केली तर तिच्या आईची समजूत घालायला शेजारणी येतात. नेयो बेडकांच्या गल्लीत जन्मला आणि लग्नानंतर सासूच्या घरी, म्हणजे बोकडांच्या गल्लीच्या पहिल्या घरात राहायला आला. तेव्हापासून दोन्हीकडचे त्याला घरचा मानतात आणि दोन्हीकडचे त्याच्यावर नजर ठेवतात.

म्हणून तर सत्त्याण्णव सालची फिल्म त्याच्याकडे आहे.

इतर सगळ्या सालांचं चित्रण एकेका मोहल्ल्याने आपापलं केलंय. बोकडांच्या फिल्म्स पाहिल्या तर गावात बेडूक नावाचा प्राणीच नाही. असलाच तर त्याचा चित्ररथ खड्ड्यात अडकलेला. बेडकांच्या फिल्म्समध्येही तेच, उलट्या बाजूने. सत्त्याण्णव साली मात्र सागुआ गावचा एक जनावरांचा डॉक्टर मेव्हण्याकडे पाहुणा आला होता, कॅमेरा घेऊन. त्याला बोकड कोण, बेडूक कोण, काही कळत नव्हतं. जे समोर येईल ते तो घेत गेला. सलग. त्यामुळे संपूर्ण रात्र, दोन्ही मोहल्ले, एका डोळ्याने पाहिलेले, अशी फिल्म गावात ती एकच. कॅसेटवरून उतरवली तेव्हा तिची एकच फाइल झाली, सात जीबींची. नेयोने ती कधी तोडली नाही. पुष्कळांनी मागितली, “आमचा अर्धा भाग दे” म्हणून. नेयोचं उत्तर ठरलेलं. “रात्र पूर्ण नेणार असशील तर ने.”

बुधवारी सकाळी एदेल्मिरा किन्योनेस ओसरीवर आली. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं बोकडांच्या चित्ररथावरच्या राण्यांचे झगे तिने शिवले. तिच्या मागे रांगेत उभं राहायला बेडकांनाही लाज वाटत नाही.

“शेवटचा कोण?” तिने विचारलं.

“तुम्हाला कसली रांग, एदेल्मिरा. बसा.”

“रांग मोडायची नाही. शनिवारी विमानात बसायचंय, सवय राहू दे.” ती रांगेतच उभी राहिली. पाळी आल्यावर पिशवीतून नवी कोरी डिस्क काढली. “टाम्पाला चाललेय रे, पोरा. मुलाकडे. नातू म्हणतो, सगळं घेऊन ये. मी म्हटलं, सगळं म्हणजे काय? शिलाई मशीन नेऊ देत नाहीत. मग हे भर. चित्ररथांची सगळी सालं. आणि सत्त्याण्णवची रात्र.”

“तुमच्या निळ्या मखमलीची.”

“बंद पडलेल्या थिएटरचा पडदा होता तो. सात मीटर! सुया मोडल्या माझ्या.” तिने रिकामी पिशवी घडी करून ठेवली. “ती रात्र मी पाहिलीच नाही, नेयो. राणीच्या मागे मखमल उचलून चालत होते. मला दिसला तो फक्त रस्ता. ती मला आख्खी हवी.”

“आख्खी देईन.”

“शब्द?”

“बेडकाचा शब्द.”

“मग दोनदा दे,” ती म्हणाली.

नेयो एकसष्ट वर्षांचा आहे. ‘पोरा’ म्हणणारी गावात आता ती एकटीच उरली होती.

नातवाकडे सफरचंदवाला कॉम्प्युटर होता आणि त्याला डिस्कमध्ये स्वतःचे फोटोही घालायचे होते. म्हणजे गोदाम बाद. सात जीबीची अखंड रात्र, म्हणजे पोतं बाद. उरली उघडी गाडी. नेयोला गाडी आवडत नाही, पण लाइटची वेळ सांभाळली तर गाडीही नीट पोचते. गुरुवारी त्याने कोपऱ्यावर लावलेलं लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहिलं. दहा ते दोन लाइट. त्याने हिरवी पट्टी चिकटवली, डिस्क हिरव्या पद्धतीने मांडली, दहाला वायर जोडली. ऊस गव्हाणीत पडला.

सालं एकामागून एक चढत गेली. शेवटी सत्त्याण्णवची रात्र. बाराला पाच कमी असताना ती निम्मी चढली होती.

आणि लाइट गेली.

गल्ली ‘आऽऽ’ ओरडली. नेयोने घड्याळ पाहिलं. कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. उठून कोपऱ्यापर्यंत गेला, वेळापत्रक पाहिलं, परत आला.

“दोनपर्यंत आहे असं लिहिलंय,” तो म्हणाला.

मिग्दालिया ओसरीवर तांदूळ निवडत होती. “कुठल्या रकान्यात?”

नेयोने पेन्सिल परत कानावरून काढली.

“कुठला रकाना वाचलास, सांग ना.”

“डावा.”

“डावा बेडकांचा.” तिने सूप खाली ठेवलं. “पस्तीस वर्षं माझ्या आईच्या मीटरवर राहतोस. बोकडांच्या लाइटमध्ये जेवतोस, बोकडांच्या पंख्याखाली झोपतोस. आणि वाचायची वेळ आली की डोळे पळतात बेडकांकडे! देवाने तुला दोन डोळे दिले, दोन्ही डाव्या रकान्यासाठी?”

“सवय, गं.”

“सवय नाही. रक्त आहे ते. डराव!”

दोन वाजता लाइट आली. नेयोने डिस्क उघडली. आत काही नव्हतं. नुसती रात्र नाही, आधीची सालंही नाहीत. गाडी हिसकली होती आणि एकुलती चिठ्ठी वाऱ्यावर गेली होती. मूळ सगळं त्याच्याकडे होतं, त्यामुळे हरवलं काही नव्हतं, वेळेशिवाय. पण कपाळाला हात लावून तो बराच वेळ बसला. चौतीस वर्षं त्याने काटे बघितले होते, आणि साधा रकाना चुकला होता.

त्यात एदेल्मिरा आली. तिला डिस्कचं काही माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर एक कल्पना चमकत होती.

“नेयो, मी ठरवलंय. उद्या दुपारी माझ्याकडे. जायच्या आधी ती रात्र इथेच बघायची, माझ्या बैठकीत, माझ्या खुर्चीत, सगळ्यांबरोबर. दोन्ही मोहल्ले. टाम्पात मी कोणाबरोबर बघू? नातवाला बोकड म्हणजे जेवण वाटतं.”

नेयोने सवयीने विचारलं, “घरी कुठला डबा आहे?” पण उत्तर त्याला माहीत होतं. तो डबा त्यानेच दोनदा दुरुस्त केला होता. तो फक्त पोतं उचलायचा. टीव्ही इतका जुना, की कॉम्प्युटरची वायर घालायला त्याला भोकच नव्हतं.

“येतो,” तो म्हणाला.

ती गेल्यावर मिग्दालिया म्हणाली, “आता?”

“आता लाल पट्टी.”

“म्हणजे तोडावी लागणार.”

“तोडावी लागणार,” नेयो म्हणाला, आणि जेवला नाही. पोतं शिवायचं आणि रात्र फाडायची. ज्या रात्रीसाठी त्याने तीन जणांशी अबोला धरला होता, तीच. संध्याकाळच्या लाइटमध्ये, या वेळी उजवा रकाना तीनदा वाचून, त्याने डिस्क पुन्हा मांडली आणि बाकीची सालं भरली. सत्त्याण्णवच्या रात्रीवर कॉम्प्युटर म्हणाला, ही वस्तू फार मोठी आहे. “माहीत आहे,” नेयो त्याला म्हणाला.

मिग्दालियाने ही गोष्ट फक्त तिच्या चुलत भावाला सांगितली, भिंतीवरून. चुलत भाऊ कांदिदो हा बोकडांचा अध्यक्ष. शुक्रवारी सकाळी सातला कांदिदो ओसरीवर हजर होता. दारूकामात त्याची डावी भुवई कायमची गेलीय, त्यामुळे तो नेहमी अर्धा चकित दिसतो. त्याच्या पाठोपाठ नेरेइदा बोउसा आली, बेडकांची अध्यक्ष. ती दातांची डॉक्टर. गावातले बोकडसुद्धा तिच्यापुढे तोंड उघडतात, पण खुर्चीत बसल्यावरच.

“फिल्म तोडतोयस असं ऐकलं,” कांदिदो म्हणाला.

“पोत्यात मावत नाही. दोन भाग करावे लागतील. डब्यावर पहिला भाग संपला की दुसरा लावेपर्यंत टीव्ही काळा होतो.”

“कुठे तोडणार?”

“तेच बघतोय.”

“सोपं आहे,” कांदिदो म्हणाला. “बेडकांचा चित्ररथ येतो तिथे तोड. नाहीतरी तिथे लोक उठून पाणी प्यायला जातात.”

“तुमची राणी येते तिथे तोडा,” नेरेइदा म्हणाली. “ती इतकी हळू चालते की भाग बदलला हे कोणाला कळणारही नाही.”

“आमची राणी मखमलीमुळे हळू चालत होती!”

“थिएटरच्या पडद्यामुळे. मी त्या पडद्यासमोर बसून सिनेमे पाहिलेत, कांदिदो. त्यावरचा डागसुद्धा ओळखते.”

“आमची एक ठिणगी जरी कापलीस, नेयो, तर गाव म्हणेल बेडकाने कापली.”

“आणि आमची कापलीस तर गाव म्हणेल बायकोने कापायला लावली.”

“मी इथेच बसलेय हं,” मिग्दालिया आतून म्हणाली.

नेयोने घड्याळ पाहिलं. लाइट दहापर्यंत. मग थेट दोनला, सिनेमाच्या वेळी. म्हणजे त्याच्या हातात अडीच तास होते आणि ओसरीवर एक बोकड व एक बेडूक. बॉयलरवर असं व्हायचं. दोन्ही बाजूंनी दाब चढायचा आणि शिट्टी वाजायच्या आत कुठली झडप उघडायची ते ठरवावं लागायचं.

“त्या रात्री लाइट गेली होती,” तो म्हणाला.

दोघे त्याच्याकडे वळले.

“मध्यावर. तीन मिनिटं. डॉक्टरने कॅमेरा बंद केला नाही. तीन मिनिटं नुसता काळोख आहे. सगळे तो भाग पुढे पळवतात, मीही. तिथे तोडली तर?”

“तो काळोख बेडकांनी केला होता,” कांदिदो लगेच म्हणाला. “आमची राणी निघाली आणि लाइट गेली! योगायोग?”

“ट्रान्सफॉर्मर तुमच्या रोषणाईने उडाला!” नेरेइदा उसळली. “सत्तावीस वर्षं सांगतेय. तो अंधार तुमचा.”

“तुमचा!”

“म्हणजे कोणालाच नकोय,” नेयो म्हणाला. “छान. मी घेतो.”

बेडूक आणि बोकड एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही हरल्यासारखं वाटेना, म्हणून थोडी पंचाईत झाली.

एक अडचण उरली. काळोखापर्यंतचा भाग मोजला तर साडेचार जीबी भरला. पोत्यात अजूनही मावत नव्हता. नेयोने फिल्म सुरुवातीपासून चालवली. ढोल, गर्दी, व्यासपीठ, आणि व्यासपीठावर एक पाहुणे. प्रांताच्या सरकारी कचेरीतून आलेले. हातात कागद. कागदाखाली आणखी कागद.

“हे किती वेळ बोलतात?” नेरेइदाने विचारलं.

“बावीस मिनिटं.”

कांदिदोने नेरेइदाकडे पाहिलं. नेरेइदाने कांदिदोकडे. गावाच्या इतिहासात बोकड आणि बेडूक एकाच वेळी एकच शब्द बोलल्याची दुसरी नोंद नाही.

“उडव!”

नेयोने मान हलवली. “उडवणार नाही. मी एदेल्मिराला शब्द दिलाय, आख्खी रात्र. वेगळं काढून तिसऱ्या फाइलीत ठेवतो. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.”

“कोण ऐकणार?”

“ते मला काय माहीत? मी मांडून ठेवतो.”

ते दोघे गेल्यावर नेयोने कानाला हेडफोन लावले आणि काळोखात गेला. नेमकं कुठे तोडायचं, हे दिसणार नव्हतं, ऐकावं लागणार होतं. पहिल्यांदाच त्याने ती तीन मिनिटं न पळवता ऐकली. मिग्दालिया दोनदा येऊन बघून गेली. तिने पाहिलं, की नेयोने डोळे मिटलेत आणि तो हसतोय. मग तो गंभीर झाला. परत मागे गेला. परत ऐकलं. दहाला दहा कमी असताना त्याने एक जागा निवडली, टेबलावर दोन टिचक्या मारल्या, आणि तोडली.

“काय होतं रे त्यात?” तिने विचारलं.

“दुपारी,” नेयो म्हणाला. त्याने डिस्क मोज्यात घातली. गुलाबी मोजा, सशाचे कान असलेला.

दुपारी दोनला एदेल्मिराच्या बैठकीत सव्वीस माणसं होती. बोकड डावीकडे, बेडूक उजवीकडे, मधे दोरीने बांधलेली तिची बॅग. नीट दिसावं म्हणून झडपा लावून घेतल्या होत्या. मिग्दालियाने पेरूच्या वड्या आणि चीज आणलं होतं. भाजलेले शेंगदाणे कागदाच्या सुरळ्यांत फिरत होते. नेयो डब्याजवळ स्टुलावर बसला, रिमोट मुठीत. चार तासांची लाइट आणि साडेतीन तासांची रात्र. डब्याने डिस्क दोन-तीनदा घरघरून पाहिली. मग उचलली.

कोणी कोणाला धड बघू देत नव्हतं. “तो बघ मी! केस होते मला!” “ते केस नाहीत, मागच्या माणसाची टोपी आहे.” बेडकांचा चित्ररथ दिसला की डावीकडून “बेंऽऽ” आणि बोकडांचा दिसला की उजवीकडून “डराव”. एदेल्मिरा मात्र बोलत नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर, शिवताना ठेवतात तसे.

राणी दारातून बाहेर आली. निळी मखमल तिच्या मागे पायरीवरून उतरायला लागली. उतरतच राहिली. बैठकीत बेडूकही गप्प झाले. मखमलीच्या टोकाला वाकलेली एक बाई होती, तोंडात टाचण्या.

आणि टीव्ही काळा झाला.

“आऽऽऽ!” सव्वीस माणसं एकदम ओरडली. झडपा बंद, बैठकीत अंधार, दुसरं काय समजणार? खुर्च्या सरकल्या. “झालं! आज उजव्या रकान्यात सहापर्यंत होती!” “त्यांच्या आईला—” “झडप उघडा!” “कंदील कुठे आहे?” “माझ्या पायावर कोण आहे?” कांदिदो उठला, बॅगेला अडखळला. नेरेइदा म्हणाली, “बोकड पडला, बोकड पडला!” नेयोने रिमोट डब्याकडे वळवला. त्याने मुठीतलं बटण दाबलं.

अंधारातून एक आवाज आला. दणदणीत, बाईचा, रागाचा.

“कोणी हलायचं नाही! एकानेही पाय उचलायचा नाही! पायाखाली माझी मखमल आहे!”

बैठकीतली सव्वीस माणसं जागच्या जागी थांबली. कांदिदोचा एक पाय वर होता. तो त्याने वरच ठेवला.

मग अंधारात हळूहळू इतर आवाज आले. सत्तावीस वर्षांपूर्वीचे. कोणी म्हणालं, “एदेल्मिरा ओरडतेय, थांबा रे.” एका माणसाला ठसका लागला. एक मूल म्हणालं, “आई, मला बेडूक व्हायचंय,” आणि चटकन एक चापट ऐकू आली. तेव्हा कुठे बैठकीत कोणाच्या तरी लक्षात आलं, की पंखा फिरतोय.

एदेल्मिराने हात तोंडावर ठेवला होता. “मी ओरडले होते?” ती म्हणाली. “मला आठवतच नाही. मी एवढी ओरडायचे?”

“अजून ओरडता,” मिग्दालिया म्हणाली.

“गप्प, गप्प. तो ठसका! तो माझ्या बासिलियोचा!” बासिलियो तिचा नवरा, जाऊन अकरा वर्षं झाली. “त्याला सांगितलं होतं, दारूकामाच्या धुरात उभा राहू नकोस. परत लाव, नेयो.”

नेयोने परत लावलं. टीव्हीवर अजूनही अंधार होता, पण आता सगळे अंधाराकडे टक लावून बसले होते. “हा आवाज पोस्टमनचा.” “पोस्टमन नाही, त्याचा भाऊ, सँडविचवाला.” “ती हसतेय ती मी!” “तू आमच्या बाजूला काय करत होतीस?” “अंधार होता, मला काय कळणार!” तिसऱ्यांदा लावलं, चौथ्यांदा लावलं. दर आवाजावर भांडण, दर भांडणासाठी थांबायचं. नेयोने कानावरची पेन्सिल काढली आणि खिशातल्या वेळापत्रकाच्या पाठीवर आकडे घालून नावं लिहायला सुरुवात केली.

शेवटी फिल्म पुढे गेली. दिवे आले, मखमल चित्ररथावर चढली, कोणीही तिच्यावर पाय दिलेला नव्हता. एदेल्मिराने रस्ता सोडून बाकी सगळी रात्र पाहिली. फक्त भांडणात गेलेला वेळ कुठून तरी वसूल होणार होताच. बरोबर सहाला, बेडकांच्या शेवटच्या आतषबाजीला पाच मिनिटं उरली असताना, लाइट गेली. या वेळी खरोखर. पंखाही थांबला.

“नेमकं आमचंच राहिलं!” नेरेइदा ओरडली.

“तेवढं मी टाम्पात बघेन,” एदेल्मिरा म्हणाली. “शेवट माहीत आहे मला. हरलात.”

शनिवारी पहाटे गाडीत बसताना तिने डिस्क मोज्यासकट छातीशी धरली होती. नेयो म्हणाला, “काढण्याआधी दहा मोजा.”

“वीस मोजेन. तू रकाना बघून वाचत जा, पोरा.”

दहा दिवसांनी नातवाचा निरोप आला. डिस्क उघडली. त्याचे फोटोही आत बसले. आजी रोज अंधार लावून बसते, शेजारच्या घरातले विचारतात टीव्ही बिघडलाय का. आणि खाली एक ओळ होती, ‘ती तिसरी फाइल मी पूर्ण ऐकली. हे काका कोण आहेत? फार छान बोलतात.’

नेयोने ती ओळ कांदिदोला आणि नेरेइदाला वाचून दाखवली. दोघांनी मिळून बसायला खुर्ची मागितली.

वेळापत्रकाचा तो कागद आता ओसरीवर खिळ्याला लावलेला आहे, पाठ बाहेर करून. शेजारी सुतळीने पेन्सिल बांधलीय. रांगेत येणाऱ्याला ‘शेवटचा कोण’ झालं, डब्याचं विचारून झालं, की नेयो हेडफोन पुढे करतो आणि तीन मिनिटं ऐकवतो. अंधारात एकूण एकोणीस आवाज आहेत. एदेल्मिराने आणि त्या दुपारच्या बैठकीने बारा ओळखले. पुढच्या महिन्याभरात गावाने आणखी सहा. पोस्टमन की सँडविचवाला हे मतदानाने ठरलं. मुलाची चापट कोणाची हे त्या मुलानेच येऊन सांगितलं. तो आता बेकरीत असतो, आणि बोकड आहे.

एक राहिलाय. अगदी शेवटी, दिवे यायच्या आधी, कॅमेऱ्याजवळ कोणीतरी हळूच म्हणतं, “किल्ली माझ्याकडे आहे.” बाईचा आवाज आहे की पुरुषाचा, यावर मिग्दालिया आणि नेयोचं अजून एकमत नाही. कसली किल्ली, तेही कोणाला माहीत नाही.

कागदावर त्याने एकोणीसचा आकडा घातलाय. पुढे जागा मोकळी आहे.